नाव सांगायला लागणारा वेळ

दवाखान्याच्या फोनला आपोआप उत्तर देणारी यंत्रणा मी तयार करत होते. सुरू व्हायला दीड महिना होता. त्या दुपारी चाचणीसाठी दवाखान्याचे काही खरे फोन मशीनकडे वळवून ऐकत होते.

"कृपया आपलं नाव सांगा," मशीन म्हणालं.

पलीकडे नुसता श्वास. मग "म... म..." आणि फोन कट.

तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा न राहवून मीच लाइनवर आले. "ठेवू नका. मी माणूस बोलतेय."

"ठ... ठेवताय तुम्हीच," तो म्हणाला.

मी ओशाळले. पाच सेकंदांत नाव आलं नाही की फोन तोडायचा, हे मीच लिहिलं होतं. आईसाठी डॉक्टरांची वेळ हवी होती त्याला. ती मी दिली, आणि चाचणीला येणार का, असं भीतभीत विचारलं.

तो दर शनिवारी यायचा. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. एकदा माझाच चष्मा काढून पुसत म्हणाला, "एवढ्या ड... डागांतून दिसतं काय तुम्हाला?"

"आत्ता? काहीच नाही. जवळ या..."

कान त्याचे लाल झाले, धडधड माझी वाढली. त्याचं वाक्य पुरं करायचा मोह मी दर वेळी गिळायचे.

साहेबांनी बजावलं होतं, "पाचाचे सहा सेकंद केलेस तर नोकरी विसर." मी पंधरा केले.

सुरुवातीच्या दिवशी साहेब माझ्या पाठीशी उभे. एका आजीबाईंना नाव सांगायला अकरा सेकंद लागले. मशीन थांबलं. आजीबाईंना वेळ मिळाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते चहाला गेले.

पण दहाला फोन करायचं त्यानं कबूल केलं होतं, तो फोन आलाच नाही. दुपार झाली. त्याच्या आईला काही... नको नको ते मनात येऊ लागलं.

संध्याकाळी तो जिन्यात उभा होता.

"फोन का नाही केलात? जीव टांगणीला लागला माझा."

"आई ब... बरी आहे. मला जे विचारायचंय, ते मशीनला कसं सांगू?" त्यानं कठडा घट्ट धरला. "ल... ल..."

मी श्वास रोखून उभी.

"ल... लगेच उत्तर देऊ नका," तो म्हणाला. "लग्नाचं विचारतोय."

मी लगेच उत्तर दिलं.