सल्ला अमान्य, कारण…

पहिल्या भेटीत ती कमरेपासून वर एका कपाटात होती. मालवाहू जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या काचेच्या खोलीत, ती वायरी जोडत होती. जहाजाचा सेकंड ऑफिसर आत आला तेव्हा त्याला फक्त दोन पाय दिसले. काही मदत हवी का, असं त्याने पायांनाच विचारलं.

“टॉर्च धरा,” पाय म्हणाले.

त्याने वीस मिनिटं टॉर्च धरला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या नाकावर काळा डाग होता. तो त्याने नीट पाहिला, आणि सांगितला नाही. घरी जाऊन आरशात बघेपर्यंत ती त्याच नाकाने कप्तानाशी, बंदराच्या अधिकाऱ्याशी आणि टॅक्सीवाल्याशी फार गंभीरपणे बोलली होती.

कपाटात बसवलेली यंत्रणा तिने दोन वर्षं खपून लिहिली होती. रडार, नकाशा, आसपासच्या जहाजांचा वेग, सगळं बघून यंत्रणा पडद्यावर सल्ला द्यायची: समोरून जहाज येतंय, दहा अंश उजवीकडे वळा. खाली दोन बटणं, मान्य आणि अमान्य. अमान्य दाबलं की एक चौकोन उघडायचा: ‘कारण लिहा.’ न विचारता सल्ले देते म्हणून खलाशांनी पहिल्याच दिवशी यंत्रणेचं नाव ‘काकू’ ठेवलं.

“आणि काकूंचं ऐकलं नाही तर?” सेकंडने विचारलं.

“कारण लिहायचं. रोज सकाळी ते माझ्याकडे येतं. मी वाचते.”

“सगळं?”

“अक्षर न् अक्षर.”

“बरं,” तो म्हणाला, आणि पुन्हा तिच्या नाकाकडे बघितलं.

चाचणी चाळीस दिवसांची होती. एक तृतीयांशापेक्षा जास्त सल्ले नाकारले गेले, तर कंपनी काकूला गुंडाळून ठेवणार होती, तिच्या दोन वर्षांसकट. ही अट जहाजावर कुणाला सांगायची नाही, नाहीतर लोक दया म्हणून मान्य दाबतील, असा नियम तिनेच केला होता.

पहिले तीन दिवस कारणं सरळ होती. चौथ्या दिवशी आलं: ‘मासेमारीची होडी आडवी आली. नाकावरचा डाग गेला का?’

उत्तर कसं द्यायचं? जहाजाची मेल कप्तान उघडायचा आणि जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचायचा. पण काकूची नवी आवृत्ती ती रोज पाठवू शकत होती. दुसऱ्या दिवशी चौकोनावर अक्षरं आली: ‘कारण लिहा. गेला. तेव्हाच सांगता आलं असतं.’ आवृत्तीच्या नोंदीत तिने लिहिलं: किरकोळ सुधारणा.

‘कारण: धुकं. शिवाय आचाऱ्याने सलग नवव्या दिवशी कोबी केलाय. तुम्ही जेवलात का?’

‘कारण लिहा. जेवले. कोबी नव्हता.’

‘कारण: पाऊस. काचेवर पाणी असं ओघळतंय, की… जाऊ दे. दोन मैलांपलीकडचं दिसत नाही.’

ते ‘जाऊ दे’ तिने चहा थंड होईपर्यंत वाचलं. मग नवी आवृत्ती काढली: ‘कारण लिहा. वाक्यं अर्धवट सोडू नयेत.’

जेवताना ती मोबाइलवर जहाजाचा ठिपका बघत बसायची. आईने दोन दिवस ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिने भाजी वाढता वाढता विचारलं, “अगं, ठिपक्याकडे बघून कुणी लाजतं का?”

एकोणचाळिसाव्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून आलेख दाखवला. अडतीस टक्के सल्ले अमान्य. परवा बैठक होती, आणि साहेबांच्या मते तिथे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. यंत्रणा हुशार असेल, पण कुणी ऐकत नसेल तर कपाटाची जागा फुकट.

तिने नकारांच्या वेळा तपासल्या. नकार जवळपास सगळे बारा ते चारचे होते, म्हणजे सेकंडच्या पाळीचे. दोन वर्षं या माणसाच्या गप्पांत बुडाली होती, आणि त्या गप्पांना तिनेच रोज नवी आवृत्ती पुरवली होती. रागारागाने तिने जहाज प्रत्यक्षात कसं वळलं ती नोंद उघडली, आणि तिथेच थांबली.

काकू म्हणाली दहा अंश, जहाज अकरा वळलं. काकू म्हणाली पंधरा, जहाज सोळा. एकही सल्ला खरा मोडलेला नव्हता. पण मान्य दाबलं तर चौकोन उघडत नाही, आणि अमान्य दाबून तेवढंच वळलं तर ते खोटं ठरेल ना! चार हजार कंटेनर, एकवीस माणसं आणि तो कोबीवाला आचारी असे सगळे एक अंश जास्त वळत होते, ती जेवली का हे विचारता यावं म्हणून.

हे सिद्ध करायला कारणं दाखवावीच लागणार होती. बैठकीत सहा जणांसमोर तिने बासष्ट कारणं सपाट आवाजात वाचली. ‘जाऊ दे’ तिने दोनदा वाचलं. कायदा विभागाच्या बाई उगाच चष्मा पुसू लागल्या.

“म्हणजे यंत्रणा बरोबर आहे?” साहेबांनी विचारलं.

“हो, साहेब.”

“आणि हा मुलगा?”

“एक अंश चुकतोय.”

साहेबांनी आलेख बाजूला सारला. “मग काकूला राहू दे,” ते म्हणाले. “एका अंशाचं तुम्ही बघून घ्या.”

त्या संध्याकाळी तिने काकूमार्फत एकच सल्ला पाठवला: ‘चाचणीत वाचलो, थोडक्यात. यापुढे सांगितलं तेवढंच वळावं. बंदरात आल्यावर शनिवारी संध्याकाळी धक्क्यावर भेटावं.’ खाली नेहमीची दोन बटणं.

सकाळी उत्तर आलं. सल्ला अमान्य.

तिने लॅपटॉप मिटला. खिडकीपर्यंत जाऊन आली. मग पुन्हा उघडला, कारण चौकोन भरलेला असणार हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

‘कारण: जहाज शुक्रवारी लागतंय. शनिवार म्हणजे एक दिवस जास्त होतो. आणि त्या दिवशी काचेवर पाणी असं ओघळत होतं, की तू इथे असायला हवी होतीस. वाक्य पूर्ण.’

तिने शनिवार खोडून शुक्रवार केला. नोंदीत लिहिलं: किरकोळ सुधारणा.