पानांमधलं पिवळं

आतिउ बेटावर आमच्या वस्तीत कापडाचं कातरकाम मी करते. शिवायला बायका पुष्कळ. पण चादरीवर कुठली पानं, कुठली फुलं, हे कात्रीवालीनं ठरवायचं. कापड घडीवर घडी घालून आठपदरी करायचं आणि एकदाच कापायचं. उलगडलं की आठही भाग सारखे. मग ते दुसऱ्या रंगाच्या कापडावर टाचून सगळ्याजणींनी बारीक टाके घालायचे. अशा चादरीला आम्ही तिवाएवाए म्हणतो. माणूस गेलं की त्याला तिच्यातच गुंडाळून घराच्या अंगणात मातीत ठेवतात.

ही चादर मी माझ्या आजारी बहिणीसाठी, नूरोआताईसाठी कापली होती. नीरफणसाची हिरवी पानं, खाली पिवळं कापड. दोन्ही रंग तिनंच निवडले होते.

शिवून झाली त्या दुपारी आम्ही ती ओसरीत दोरीवर पसरली. माझी नणंद तेइना म्हणाली, "नूरोआ, एवढी देखणी मिळणार असेल तर मी तुझ्याआधी जाते." ताईसकट सगळ्या हसल्या.

त्या गेल्यावर आणि ताई आत निजल्यावर मी खुर्ची ओढून समोर बसले. काम पुरं झालं की मी अशी बसते, चुका शोधते. पानांच्या कडा स्वच्छ उतरल्या होत्या. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधीच झालं नव्हतं. मग माझी नजर पानांच्या मधल्या पिवळ्यावर गेली.

तिथं एक बाई बसली होती. गुडघे पोटाशी, मान खाली, केस पुढं आलेले. एकदा दिसल्यावर बाकीच्याही दिसल्या. आठ जणी.

मी पानं कापली होती. बाई कापली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेइनाला दाखवलं. तिनं डोळे बारीक केले, मागं सरून पाहिलं आणि म्हणाली, "चष्मा बदल बाई." मला बरं वाटलं. नजरेचा खेळ असतो, ढगांतही चेहरे दिसतात, असं मी स्वतःला समजावलं आणि चादर ताईच्या अंगावर घातली.

संध्याकाळी ताईनं ती पायांनी खाली ढकलून दिली होती.

"आकाइती," ती म्हणाली, "ह्या कोण बसवल्यास तू?"

"पानं आहेत ताई."

"पानं मलाही दिसतात." तिनं माझं मनगट धरलं. तिचे हात गार होते. "मला हिच्यात ठेवू नकोस. मला त्यांच्यात बसायचं नाही."

मी शब्द दिला.

ताई रविवारी गेली. तिला मी आमच्या आईच्या जुन्या, विटक्या चादरीत गुंडाळलं. नवी असताना जुनी कशी, म्हणून बायका कुजबुजल्या. अंगणात, आईच्या थडग्याशेजारी तिला ठेवलं.

मग मी ती नवी उसवायला घेतली. एकेक टाका कापला. हिरवं कापड सोडवून मी चुलीत घातलं. पिवळ्यावर सुईची भोकं तेवढी राहिली; ती मिटावीत म्हणून ते धुतलं आणि अंगणातल्या दोरीवर टाकलं. एक सर येऊन गेली. ओसरीतल्या खुर्चीवरून पाहिलं तर कापड कोरं दिसत होतं. कुठं कुणी नव्हतं. कितीतरी दिवसांनी मी पाठ टेकली.

तेवढ्यात फाटकातून तेइना आली. तिच्या हातात उकडलेल्या तारोच्या कंदांचं भांडं होतं. फाटक कापडाच्या पलीकडच्या बाजूला आहे. ती तिथंच थबकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पाहुण्या आल्यात, सांगायचं तरी. जास्त आणलं असतं."

"कुठं?"

"अगं ह्या. कापडाआड, तुझ्या बाजूला बसल्यात त्या. माना खाली घालून."

मी उठले नाही.

तेइना आणखी क्षणभर पाहत राहिली. मग तिनं भांडं तिथंच जमिनीवर ठेवलं आणि मागं न पाहता रस्त्याला लागली.

बऱ्याच वेळानं मी जाऊन कापड ओढून काढलं. अलीकडे-पलीकडे कुणी नव्हतं. गवत पावसानं चिंब होतं. फक्त माझ्या बाजूला सात ठिकाणी ते दबलेलं होतं, आणि कोरडं.

मी घराकडे वळले.

ओसरीच्या ओल्या पायरीवर, माझ्या खुर्चीला लागून, एक कोरडी जागा होती. मी हात लावला. दगड कोमट होता.