चौथ्यांदा आलेला व्हायरस

"मला कॉम्प्युटर दुरुस्त करून नकोय," आजोबा खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले. "माझ्यावरचा आळ काढून हवाय. रविवारच्या आत."

आत्याबाईंनी चष्मा वर सरकवला. विमा कंपनीत तीस वर्षं लोकांचे खोटे दावे पकडून झाल्यावर त्यांनी स्वतःचं तपासाचं ऑफिस थाटलं होतं. एक टेबल, तीन खुर्च्या आणि मधे प्लायवूडची भिंत. भिंतीपलीकडे त्यांच्या भाच्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. भाच्याने आजोबांचा आवाज ओळखला आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर आपटला.

"रविवारी काय आहे?" आत्याबाईंनी विचारलं.

"लेकीकडे चाललोय. कायमचा. सून म्हणते, तिच्या कॉम्प्युटरात व्हायरस मी आणतो. मी त्यावर बुद्धिबळ खेळतो, त्यामुळे येतो म्हणे. अशा घरात घास उतरत नाही हो माझ्या घशाखाली. आणि हे तिच्या डोक्यात भरवलं कुणी? तुमच्या या भाच्याने!"

भाचा तावातावाने इकडे आला. "आजोबा, मी 'बहुतेक' म्हणालो होतो! आत्या, तीन वेळा साफ केलाय मी तो कॉम्प्युटर. तीन वेळा! आणि सोमवारी चौथ्यांदा फोन. माझं डोकं फुटायची वेळ आलीय."

"फुटायच्या आधी वापरून बघ जरा," आत्याबाई म्हणाल्या आणि पिशवी घेऊन उठल्या.

सून घरी बसून एका प्रकाशकासाठी मुद्रितं तपासायची. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग कॉम्प्युटरने आणि लाल खुणांच्या कागदांनी अडवला होता. ती चिडलेली होती आणि चिडायचं कारणही होतं. तिने पाठवलेल्या फाइलींतून व्हायरस प्रकाशकाच्या ऑफिसात पोचायचा आणि बोलणी हिला बसायची.

"सोमवारी कसं कळलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"एका जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती निघतेय. तिची फाइल उघडून बसले होते. दुपारी तपासून पाठवली आणि तासाभरात तिकडून फोन. आधीच्या वेळीही असंच. मधे शाळेची पुस्तकं आली होती तेव्हा दोन महिने कसं सुरळीत चाललं होतं!"

"आणि माझ्या भाच्याला पहिल्यांदा कधी बोलावलंत?"

"तेव्हा व्हायरस नव्हताच. जुन्या फाइलींचा फॉन्ट आता कुठेच चालत नाही. त्यासाठी प्रकाशकाच्या ऑफिसात अक्षरजुळणी करणाऱ्या माणसाने पेनड्राइव्हवर टायपिंगचा एक जुना प्रोग्रॅम दिला होता. तो काही केल्या उघडेना. काम संध्याकाळी द्यायचं होतं. तुमच्या या भाच्यांनी पाच मिनिटांत चालू करून दिला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला हे देवासारखे वाटले."

भाच्याची छाती दोन बोटं फुगली. आजच्या दिवसात बरं वाटण्यासारखं तेवढंच त्याला ऐकायला मिळालं होतं.

सुनेचा नवरा सोफ्यावर वर्तमानपत्र धरून बसला होता.

"तुम्ही वापरता का हा कॉम्प्युटर?"

"मला पासवर्डही माहीत नाही."

"वडिलांनी व्हायरस आणला असं तुम्हाला वाटतं?"

"मी या भांडणात पडतच नाही," त्याने पान उलटलं. "दोघांनी आपापसात काय ते बघावं."

आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले.

"आजोबा, शेवटचा डाव कधी खेळलात?"

"पंधरा दिवस झाले. तिने पासवर्ड बदलला, तेव्हापासून मी त्या खुर्चीवर बसलेलोसुद्धा नाही."

"मग पासवर्ड बघितला असेल कुठेतरी," सून पुटपुटली. भाच्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही ठिणगी आपणच टाकली हे तो जाणून होता. पण दुसरं कारण सुचत नव्हतं, तो तरी काय करणार?

"आता तू तपास," आत्याबाई त्याला म्हणाल्या.

त्याने इंटरनेटची केबल उपटली आणि अँटीव्हायरसला कामाला लावलं. पाऊण तास सगळे त्या सरकत्या हिरव्या पट्टीकडे बघत बसले. शेवटी निकाल आला.

"घ्या! धोका शून्य!" भाचा वैतागून ओरडला. "सोमवारी दुसरीकडे व्हायरस पाठवणारा कॉम्प्युटर आज म्हणतो, मी धुतल्या तांदळासारखा! काय करावं माणसाने?"

"सगळं वाच."

"तपासलेल्या फाइली तीन लाख बारा हजार. धोका शून्य. वगळलेले फोल्डर एक. झालं."

"वगळलेलं म्हणजे?"

"असतं गं काहीतरी. त्याचा इथे काय संबंध?"

आत्याबाई खुर्ची ओढून सगळ्यांच्या मधोमध बसल्या. "नीट ऐका. पंधरा दिवस आजोबांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही, तरी सोमवारी व्हायरस आला. पासवर्ड चोरला म्हणावं, तर शाळेच्या पुस्तकांच्या त्या दोन महिन्यांचं काय? तेव्हा आजोबा रोज खेळत होते ना?"

"रोज," सून हळूच म्हणाली.

"आणि व्हायरस एकदाही आला नाही. यायचा तो जुन्या पुस्तकाची फाइल उघडली की. ती फाइल उघडायला काय लागतं?"

"तो जुना प्रोग्रॅम."

"तो पहिल्या दिवशी उघडत का नव्हता? तू सांग रे."

भाच्याला तो दिवस लख्ख आठवला. सून घड्याळाकडे बघत होती, आणि अँटीव्हायरस तो प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा अडवत होता.

"अँटीव्हायरस उघडू देत नव्हता," तो कसाबसा म्हणाला. "म्हटलं, जुना आहे म्हणून उगाच भुंकतोय. मी त्याला सांगितलं, या फोल्डरकडे बघू नकोस."

"आजपुरतं?"

"कायमचं."

"राखणदाराने चोर दारातच धरला होता. तू राखणदाराला म्हणालास, पाहुणे आहेत, जाऊ दे. त्यानंतर तीन वेळा घर झाडलंस, पण पाहुण्याची खोली सोडून. आता ती उघड."

भाच्याने यादी उघडली. यादीत एकच फोल्डर होतं. जुना प्रोग्रॅम आणि त्यात उघडलेल्या जुन्या पुस्तकांच्या फाइली त्यातच होत्या. त्याने वगळल्याची खूण काढली आणि तेवढंच तपासायला लावलं. चार सेकंदांत पडदा लाल झाला.

"म्हणजे व्हायरस त्यांच्याच ऑफिसातून आला?" सून उठून उभी राहिली. "आणि बोलणी मी खाल्ली?"

"त्यांना आजच कळवा. जुळणीवाल्याचा कॉम्प्युटर आधी तपासा म्हणावं. आणि नवीन प्रोग्रॅम येईपर्यंत जुन्या फाइली घेऊ नका."

भाच्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तीन चकरा, तीन रात्रींची चिडचिड, आणि गुन्हेगाराला अभय देणारा हात आपलाच! तो आजोबांसमोर जाऊन उभा राहिला. "आजोबा, चूक माझी. आणि ती झाकायची म्हणून नाही, पण कळली नाही म्हणून तुमच्यावर ढकलली. माफ करा."

"बाबा, माझंही चुकलं," सून म्हणाली. "कामाच्या धसक्याने मी काय वाट्टेल ते बोलले. जाऊ नका तुम्ही."

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू चिडलीस, बोललीस, संपलं. तुझ्या पोटावर पाय येत होता. तुझा राग नाही मला."

मग ते सोफ्याकडे वळले. वर्तमानपत्र खाली आलं होतं.

"रविवारी मी जाणार. आठ दिवस राहून येईन."

"मी येते सोडायला," सून म्हणाली.

"तू नको. हा येऊ दे." आजोबांनी मुलाकडे बोट केलं. "महिनाभर बापावर आळ होता आणि हा पेपर वाचत होता. तीन तासांचा रस्ता आहे. काय बोलायचं राहून गेलं, ते बोलेल वाटेत."