न संपणारी बाटली

"चोरी झालेली नाही," खानावळीची मालकीण खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाली. "उलटंच झालंय. जे संपायला हवं, ते संपत नाहीये."

तिने टेबलावर तिखट सॉसची, झाकणालाच चोच असलेली प्लास्टिकची बाटली ठेवली. निम्मी भरलेली.

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी चष्मा चढवला. त्यांचे धाकटे दीर, निवृत्त ड्रिलमास्तर, वही उघडून बसले. भाऊजींच्या वहीत सगळं उतरे, डोक्यात मात्र सावकाश शिरे.

सॉसचा कारखाना चार महिन्यांपूर्वी बंद पडला होता. कुठेच थेंब मिळेना. मालकिणीकडे ही शेवटची बाटली. लोक सॉससाठी येतात, आपल्या सूपसाठी नाही, असं तिचं ठाम मत. तिने भिंतीवर पाटीच लावली होती: बाटली संपली की खानावळ बंद.

"तीन जुनी गिऱ्हाईकं रोज माझ्यासमोर ती दाबतात. बारा दिवस झाले, निम्मीच. आचारी गुपचूप काहीतरी भरतोय, नोकरी जाईल म्हणून. उद्या कुणाला बाधलं तर? आज त्याला काढणार. वीस वर्षं माझ्याकडे असलेला माणूस आहे हो." तिचे डोळे भरले.

"झाकण कोण उघडतं?"

"कुणीच नाही. आठवड्यापूर्वी मी त्यावर सही करून चिकटपट्टी लावली. ती तशीच आहे. कसं करतो, तेच कळत नाही."

भाऊजींनी चवीसाठी बाटली तळहातावर दाबली. काही आलं नाही.

"फार दाट आहे," त्यांनी लिहून घेतलं.

"संन्याशाला सुळी द्यायची घाई नको," वहिनी म्हणाल्या. "जेवायला तिकडेच येतो."

दुपारी आचारी कांदा चिरत होता. "बाटली त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला. मी काय भरणार? माझं काम तर हलकं झालंय. पूर्वी दुपारी पाण्याचे सहा जग लागायचे, आता दोन पुरतात."

बाहेर तिघांनी आपापल्या टोमॅटो सूपवर बाटली दाबून पुढे सरकवली.

"मला तिखटाशिवाय घास उतरत नाही," टॅक्सीवाला म्हणाला. त्याचं कपाळ कोरडं होतं.

"चारच थेंब घेतो," शिंपी म्हणाला.

"सवय," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी वाटी मागवली.

"शिंपीदादा, सुई आहे?" वहिनींनी विचारलं. झाकणाच्या चोचीत सुई घालून त्यांनी सॉसचा वाळका खडा उपसला.

"आचाऱ्याने काही भरलेलं नाही, पट्टी शाबूत आहे. आणि हा खडा आजचा नाही. सकाळी भाऊजींनी दाबूनही थेंब आला नव्हता. मग तुम्हाला आत्ता कसा मिळाला? लाल सूपात दिसत नाही म्हणून निभावलं. पण तिखट खाणाऱ्यांना पाणी लागतं."

नर्सबाईंनी चमचा खाली ठेवला.

"यांना पुरावी म्हणून मी नुसतं दाबल्यासारखं करायचे," नर्सबाई अखेर म्हणाल्या. "संपली की ही जागाही जाणार."

"आयला, मला वाटलं मी एकटाच," टॅक्सीवाला पुटपुटला. शिंप्याने मान खाली घातली.

"बारा दिवस नुसतं सूप प्यालात?" मालकिणीने विचारलं.

"चांगलं असतं ते," शिंपी म्हणाला.

ती आत गेली, आचाऱ्याला हाताला धरून बाहेर घेऊन आली. "चुकले रे," सगळ्यांदेखत म्हणाली. मग त्याची वाटी भरली, बाटली त्या वाटीत दाबली, उरलेली बाकीच्यांच्या. शेवटचा थेंब भाऊजींना मिळाला. त्यांना ठसका लागला.

बाटली संपली. कुणी उठलं नाही. मालकिणीने पाटी उतरवली आणि आचारी पाण्याचा तिसरा जग भरायला गेला.