मागची सीट

श्रावणातली भुरभुर होती. सकाळचे सहा वाजलेले. राजेंद्र नगरच्या मैदानावर पलक जगदाळे आपल्या लाल स्कूटीला टेकून चहाचा कप फुंकत उभी होती, तेवढ्यात एका छत्रीखालून कुणीतरी घसा खाकरला.

"मॅडम... इथं फक्त बायकांनाच शिकवता का?"

पलकनं न बोलता स्कूटीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'पलक स्कूटी क्लास – केवल महिलाओं के लिए.' अक्षरं चांगली ठळक होती.

"वाचलं मी," छत्री म्हणाली. "तीन दिवस रोज येऊन वाचतोय."

"वाईफला शिकवायचं आहे? की सिस्टरला?"

"नाही, मला... मलाच."

आता पलक पडली इंदूरची. इथली पोरं मिसरूड फुटायच्या आत गाड्या उडवतात. तिनं वाकून छत्रीखाली पाहिलं. चांगला तिशीचा, उंचपुरा, चष्मेवाला बाप्या, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला! तिला हसू फुटणारच होतं, पण त्याचा चेहरा बघून तिनं ते चहाबरोबर गिळून टाकलं.

"बायकांची बॅच सातला असते," ती म्हणाली. "त्याच्या आधी येत जा. आणि ही छत्री घरी ठेवा, भिया." इंदुरात कुणालाही भाऊ न म्हणता भियाच म्हणतात.

त्याचं नाव शार्दूल. मूळचा सांगलीचा, वर्षभरापूर्वी इथं आलेला. भंवरकुआं भागातल्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायचा. वेग, घर्षण, तोल, सगळं फळ्यावर झकास समजावून सांगायचा, आणि घरी जायला ई-रिक्षा शोधायचा. कुणी विचारलंच तर पाठ दुखते म्हणायचं. चौदाव्या वर्षी वडिलांच्या स्कूटरवरून पडला होता, गुडघा फुटला म्हणून रडला होता. वडील अख्ख्या गल्लीदेखत म्हणाले, "मुलगी आहेस का रे, रडायला?" गल्ली खो-खो हसली. त्या दिवसापासून त्यानं हँडलला हात लावला नव्हता.

हे त्यानं तिला चौथ्या दिवशी सांगितलं. पहिले तीन दिवस बिचाऱ्याला पडण्यातून सवड मिळाली नाही.

"शार्दूलजी, खांदे ढीले सोडा! गाडी आहे, कुश्ती नाही!" मागच्या सीटवरून पलक ओरडायची. "आणि हा आरसा आत कशाला वळवला? आरशात मागचा ट्रॅफिक बघायचा असतो ना!"

"मागे तुम्हीच आहात..."

"समोर बघा, समोर! खंभा आहे!"

खांब थोडक्यात हुकला. तिनं त्याच्या हेल्मेटवर टपली मारली खरी, पण दिवसभर ते वाक्य तिच्या कानात घुमत राहिलं. मागे तुम्हीच आहात. असं कुणी म्हणतं का हो सकाळी सकाळी?

शिकवणी झाली की कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पोहे-जिलेबी व्हायची. पोह्यांवर जीरावन मसाला किती भुरभुरायचा हे तिनं त्याला शिकवलं.

"तुम्हाला येतात पोहे करता?" त्यानं एकदा विचारलं.

"नाही येत. प्रॉब्लेम आहे काही?"

"छे. मला येतात."

पलक जिलेबीकडे बघत बसली. तिला पाहायला आलेल्या एकाही मुलानं असं उत्तर दिलं नव्हतं.

पाच स्थळं येऊन गेली होती. मुलं तशी बरी होती, अट मात्र सगळ्यांची एकच – लग्नानंतर हे मैदानावरचं बंद. एकजण तर हसत म्हणाला होता, "अब मेरे पीछे बैठने की आदत डाल लो." आणि घरात काय वेगळं होतं? तिचे खापरपणजोबा होळकरांच्या पागेत नव्या शिपायांना घोड्यावर बसायला शिकवायचे. त्यांचं खोगीर अजून बैठकीत होतं, हे तिनं पोहे खाताना शार्दूललाही सांगितलं होतं. पाहुण्यांना ते दाखवताना दौलतरावांची, म्हणजे तिच्या वडिलांची, छाती फुगायची. पण त्याच घरातली मुलगी लोकांना गाडीवर बसायला शिकवते, हे सांगायची वेळ आली की ते विषय बदलायचे.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. पलकला एकतिसावं लागलं. शिकायला आलेल्या बायका महिनाभर तिच्या गळ्यात पडायच्या, मग भुर्रकन आपापल्या घरी निघून जायच्या. संध्याकाळची बॅच आटोपून ती एकटी परत निघाली की मागची सीट रिकामी. एकटं वाटायचं तिला, फार एकटं वाटायचं. यात लपवण्यासारखं काय आहे?

म्हणून तर ती सकाळच्या सहाची वाट बघायला लागली. आणि म्हणूनच भादव्यातल्या त्या दिवशी तिला इतकं लागलं.

शार्दूल मैदानाला सलग तीन फेऱ्या मारून, पाय न टेकवता, विजयी वीरासारखा थांबला होता. एवढ्यात रस्त्यावरून हाक आली. त्याच्या कोचिंगमधला जयेश.

"अरे शार्दूल सर! आप यहाँ? लेडीज क्लास में?"

शार्दूल चटका बसल्यासारखा गाडीवरून उतरला. हेल्मेट पलकच्या हातात कोंबलं. "नहीं, नहीं... बहन सीख रही है. उसको छोड़ने आया था."

जयेश गेला. पलक हेल्मेट धरून तशीच उभी.

"कुठं आहे बहीण?"

"पलकजी, तो सगळ्या स्टाफला सांगेल... मला सुचलंच नाही."

"तुम्ही पडलात तेव्हा गल्ली हसली, ते वाईटच झालं," ती म्हणाली. "पण आज तुम्हाला माझी लाज वाटली. माझ्या घरच्यांना वाटते, पाहायला येणाऱ्यांना वाटते. मला वाटलं होतं, एक माणूस तरी... जाऊ द्या. तुम्हाला गाडी येते आता. उद्यापासून येऊ नका."

तो खरंच आला नाही. पहिले आठ दिवस तिनं सहाला चहाचे दोन कप घेतले. मग एकच घ्यायला लागली.

नवरात्रात देवासहून यशवर्धनचं स्थळ आलं. घरदार चांगलं, मुलगा शांत. अट तीच. "दसऱ्याला संध्याकाळी ते येतील," दौलतराव म्हणाले, "तेव्हा होकार द्यायचा आहे, बेटा." पलक हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. थकली होती ती.

दसऱ्याच्या सकाळी ती मैदानावर स्कूटी धूत होती. उद्या कदाचित पाटी उतरवायची होती. तेवढ्यात कुणीतरी घसा खाकरला.

शार्दूल होता. हातात झेंडूचा हार आणि आपट्याची पानं.

"जयेशला खरं सांगितलं," तो म्हणाला.

"मग?"

"हसला. पोट धरून हसला. मग अख्ख्या बॅचला सांगितलं, मला पलक मॅडमनी शिकवलं. दीडशे पोरं हसली." तो श्वास घ्यायला थांबला. "मी मेलो नाही, पलकजी. पण तुम्हाला न बघता गेलेला हा महिना... त्यात मात्र थोडं थोडं मेलो. मला तुम्ही आवडता. फार आवडता."

पलक हातातल्या ओल्या फडक्याला पीळ देत राहिली.

"आज संध्याकाळी देवासचे लोक येणार आहेत," ती म्हणाली. "होकार घ्यायला."

त्याचा चेहरा उतरला. पण तो हलला नाही. "तर मग आत्ताच तुमच्या घरी जाऊ या. तुम्ही चालवा, मी मागे बसतो."

"कॉलनीतून? सगळे दारात उभे असतात आज."

"म्हणून तर."

सगळी कॉलनी दारात होतीच. कुणी गाडीला हार घालत होतं, कुणी तोरण बांधत होतं. सगळ्यांच्या माना वळल्या. पुढे जगदाळ्यांची पलक आणि मागे तो एवढा उंच मास्तर, मांडीवर झेंडूचा हार घेऊन!

दौलतराव खोगिराची पूजा आटोपून पूजेचं ताट घेऊन फाटकात उभे होते. त्यांनी दोघांना आपादमस्तक न्याहाळलं.

"लायसन्स नाही का तुम्हाला?"

"आहे, काका. गेल्या आठवड्यातच मिळालं."

"मग पुरुषमाणूस मागे कसा?"

"शिकवणाऱ्यांच्या पुढे कसा बसू? तुमच्याच घरात शिकवतात हे, पलकजींच्या खापरपणजोबांपासून."

दौलतराव बैठकीतल्या खोगिराकडे बघत राहिले.

"आबा," पलक म्हणाली, "देवासला नकार कळवा."

हळदीकुंकवाचं ताट दौलतरावांनी फाटकाच्या कट्ट्यावर ठेवलं, स्कूटीच्या अगदी जवळ, आणि आत निघून गेले. ताट मात्र मागे ठेवून गेले.

पलकनं स्वतःच हँडलला कुंकू लावलं. शार्दूलनं हार घातला आणि आपट्याची पानं तिच्या हातावर ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो काही विचारायच्या आत तिनं किल्ली फिरवली.

"बसा मागे. पोहे संपतील."

तो बसला. पलकनं हात लांबवून आरसा आत वळवला.

"अहो, आरशात ट्रॅफिक बघायचा असतो ना?"

"मागे तुम्हीच आहात," ती म्हणाली.