सात खोल्यांचा हार

दागिन्यांतून गोष्टी सांगणारं प्रदर्शन उघडायला दहा मिनिटं होती, आणि ती स्वतः घडवलेल्या हारावरची काच चौथ्यांदा पुसत होती.

"अहो, पुसून पुसून झिजेल ती," संग्रहालयाची बाई हसली आणि पाट्या नीट करायला शेजारच्या दालनात गेली.

झिजू दे! वीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या अंगठ्या सैल-घट्ट करून दिल्या होत्या. आज पहिल्यांदा तिचं स्वतःचं काम लोक बघणार होते. सकाळपासून चहाचा घोटही घशाखाली उतरला नव्हता. आईचे तीन फोन येऊन गेले होते.

हारात काडेपेटीएवढ्या सात खोल्या होत्या, चांदीच्या, दारं डाग देऊन, सांधून कायमची बंद केलेली. गोष्ट तिच्या मनचीच. दोन बहिणी लपंडाव खेळतात. थोरली खोली खोली धुंडाळते, धाकटी कधीच सापडत नाही. प्रत्येक दारावर थोरली कोरली होती. धाकटी कुठेच नव्हती.

दार उघडलं. पहिली आली एक म्हातारी, राखाडी कोटातली. बाकी कशाकडे न बघता ती थेट हाराशी आली. हार घडवणारी ही लगबगीने पुढे झाली.

"जिन्याखालची खोली कुठली गं?"

"ही, पाचवी."

"हं. तिची कडी आतून लागायची."

हिच्या अंगावर काटा आला, आनंदाचा. "आजी, मी कडी आतूनच बसवलीय! बाहेरून दिसतही नाही... तुम्हाला कसं कळलं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. सुचलं."

"त्या दिवशी घरात आम्ही दोघीच होतो," म्हातारी हळू आवाजात म्हणाली. "बासष्ट वर्षं झाली... शोधतेय मी."

हिला वाटलं, निघून जावं. पण पाय मागे सरेनात. पुढे काय, ते कळल्याशिवाय तिला राहवतच नव्हतं.

म्हातारीने काचेला ओठ लावले. "सापडलीस, छकुले. ये बाहेर..."

भर दुपारच्या उजेडात, कित्येक वर्षं बंद असलेल्या खोलीसारखा कुबट वास आला. आणि पाचव्या खोलीत, अगदी बारीक, कडी सरकली.

म्हातारीचा चेहरा लहान पोरीसारखा उजळला. ती वळली. तिचा डावा हात खाली लोंबत होता, बोटं एखादी चिमुकली मूठ धरल्यासारखी मिटलेली. ती छोटी छोटी पावलं टाकत निघाली. ही मागे धावली. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू.

"आजी! सापडली ना?"

"सापडली गं बाई, सापडली!"

दाराशी म्हातारी थांबली. कुणी तरी खालून बोलतंय आणि आपण ऐकतोय, तशी वाकली. तिचं हसू मावळलं.

"काय... काय म्हणतेय ती?"

"म्हणतेय, आत मी एकटी नव्हते. बाकीचे अजून लपलेत." म्हातारीने हिच्याकडे बघायचं टाळलं. "आणि राज्य आता तुझ्यावर आहे."

ती जिना उतरून गेली.

ही परत आली. दालनात चिटपाखरू नव्हतं. काचेपासून चार पावलांवर ती थबकली.

उरलेल्या सहाही खोल्यांतून दाबलेली खुसखुस येत होती. मग एक आवाज त्यांना दटावून गेला. तो लहान मुलाचा नव्हता.

"श्श... आली ती."