बोट उचललं तर...

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण देवाला साक्ष ठेवून सांगते, यातला एकही शब्द पदरचा नाही. माझ्या धाकट्या दिरावर हे गुदरलं. आमच्या राहत्या घरात. भर दुपारी.

धाकटा सिनेमांसाठी आवाज बनवतो. त्याच्या कॉम्प्युटरात सॅम्पलर आहे. कुठलाही आवाज त्यात टाकला की पेटीसारख्या पट्ट्यांवर वाजवता येतो. त्या दिवशी त्याला एका तळघराचा श्वास हवा होता.

शेजारच्या खोलीत माझे सासरे अंथरुणाला खिळलेले. सकाळी त्यानं त्यांच्या उशाशी माइक धरला.

"माझी घरघर पिक्चरमध्ये?" सासरे हसले. "मग हिरोपेक्षा मोठं नाव टाक माझं."

"बाबा, बोलू नका. नुसता श्वास घ्या."

"तेच तर जमत नाही, गाढवा!"

दुपारी तो कामाला बसला. त्याची ताई, म्हणजे माझी नणंद, बाबांजवळ होती. मी बाहेरगावी. दोन खोल्यांत एक पातळ भिंत.

त्यानं पट्टी दाबून धरली. घरघर सुरू झाली. त्यावर फिल्टर लावला. फिल्टर म्हणजे चाळणीच. आवाजातली वरची धार गाळली, तसा श्वास जमिनीखालून आल्यासारखा घुमू लागला. मग एन्व्हलप. आवाजानं कसं उगवायचं, कसं मावळायचं, ते तिथे ठरतं. उगवणं त्यानं संथ केलं. बोट उचलल्यावर आवाज मागे किती रेंगाळावा, त्याला म्हणतात रिलीज. तो शून्यावर ठेवला.

बोट उचललं. आवाज तुटला.

आणि भिंतीपलीकडचाही...

"बाबा! अहो बाबा!" ताईची किंकाळी.

दचकून त्याचं बोट पुन्हा पट्टीवर पडलं.

पलीकडे श्वास सुरू झाला. संथ उगवणारा... जमिनीखालून येणारा...

योगायोग असेल, तो मनाशी म्हणाला. धीर करून बोट उचललं.

शांतता.

दाबलं... घरघर.

मग त्यानं बोट उचललंच नाही. मनगट भरून आलं, घाम डोळ्यांत उतरला, तरी नाही.

बऱ्याच वेळानं ताई दारात आली. चेहरा पांढराफटक.

"डॉक्टर निघालेत. अरे, अंग बर्फासारखं पडलंय. नाडी लागत नाही. पापणी लवत नाही... पण छाती हलतेय रे! आणि तू इथे वाजवत काय बसलायस?"

"ताई, बोट उचललं तर बाबा जातील."

"वेड लागलंय का तुला?" तिला रडू फुटलं. "ते काहीतरी सांगतायत. तोंडात बोळा कोंबल्यासारखं. एक अक्षर कळत नाहीये मला."



चाळणी! शब्दांची धार त्यानंच गाळली होती.

डाव्या हातानं त्यानं फिल्टर उघडत नेला... हळूहळू... भिंतीपलीकडून आवाज साफ होत आला.

"सोड."

ताईनं भिंतीला कान लावला.

"सोड रे... दुखतंय."

एका झटक्यात तोडायला त्याचा हात धजेना. त्यानं रिलीज ओढला, जाईल तिथवर ओढला. मग बोट उचललं.

पलीकडचा श्वास विरत गेला... विरत गेला... ताई धावली. ती पोचली तेव्हा छाती हलत नव्हती.

डॉक्टरांनी सासऱ्यांचा हात वाकवून पाहिला. ताठून गेलेला, वाकेना.

"यांना जाऊन बराच वेळ झालाय," ते चिडून म्हणाले. "इतका वेळ काय करत होतात तुम्ही?"



महिन्याभरानं धाकट्यानं मला हे सारं सांगितलं. खाली मान घालून.

"वहिनी, घाईत मी बघितलंच नाही. रिलीजच्या शेवटच्या टोकाला आकडा नसतो. आडवा आठ असतो."

"म्हणजे?"

"अनंत. म्हणजे आवाज संपतच नाही." तो थांबला. "त्या दिवशी तो संपला, की नुसता आपल्याला ऐकू येईनासा झाला?"

त्यानं मान वर केली.

"बाबा सुटले ना, वहिनी?"

"सुटले रे," मी म्हणते. तो अजून विचारतो, आणि मी अजून तेच म्हणते.

त्याच्या डोळ्यांकडे मात्र तेव्हा बघवत नाही.